वऱ्हाडातली मुकी पेटी

माझ्या भाच्याच्या लग्नाला नांदेडहून लातूरला सात गाड्या निघाल्या आणि त्या सातही गाड्या वाटेत एकमेकींशी बोलत होत्या. वऱ्हाडातली माणसं तर बोलतातच, त्यांना कोण थांबवणार? इथं खुद्द गाड्या बोलत होत्या. बिनतारी, आणि मोबाईलची रेंज नसतानासुद्धा. हे सांगितलं की लोक माझ्याकडे संशयानं बघतात, कारण मी शाळेत इतिहास शिकवतो आणि उरलेल्या वेळात मिळेल त्या समारंभाचा माईक ताब्यात घेतो. या दोन्ही धंद्यांत माणसाला तिखटमीठ लावायची सवय लागते असा एक समज आहे. समज खरा आहे. पण या हकिकतीला मला वरून काही लावावं लागलं नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

नवरदेवाची धाकटी बहीण, म्हणजे माझी भाची, नांदेडात एमटेक करत होती. रस्त्यावरच्या गाड्यांनी एकमेकींना खबर कशी द्यावी, आणि ती देताना हवेत गर्दी कशी होऊ नये, हा तिचा प्रकल्प. लग्नाच्या आधी आठवडाभर बहिणीच्या घरी गच्चीवर कुरडया वाळत होत्या, त्यांची राखण माझ्याकडे होती, तेव्हा तिनं मला तो समजावून सांगितला.

"मामा, तुझ्या शाळेत पालकसभा असते ना? सगळे पालक एकदम बोलायला लागले की तू काय करतोस?"

"माईकचा आवाज वाढवतो."

"मग ते काय करतात?"

"तेही ओरडतात."

"आणि शेवटी कुणालाच काही ऐकू येत नाही. हवेचं तसंच असतं. प्रत्येक गाडी सगळं सगळ्यांना सांगायला लागली तर कामाची खबर त्या गोंगाटात मरते. म्हणून माझी पेटी बोलायच्या आधी विचार करते. पुढं खड्डा आहे, तर तो मागून येणाऱ्याच्या कामाचा. जो ओलांडून गेला त्याला सांगून काय उपयोग? मागच्याला आधीच दुसऱ्या कुणी सांगितलं असेल तर आपण गप्प बसायचं. आणि खबर शिळी झाली की टाकून द्यायची."

"म्हणजे आमच्या स्टाफरूमच्या बरोबर उलट," मी म्हणालो.

ती हसली, पण तिचं लक्ष कुरडयांवरून उडून कुठंतरी लांब गेलं होतं. तिच्या सरांनी अट घातली होती. प्रयोगशाळेत टेबलावर दोन पेट्या बोलतात हे पुरेसं नाही. खरा रस्ता, खऱ्या गाड्या, सात पेट्या, निघाल्यापासून पोचेपर्यंत. आणि मध्ये एकही पेटी गळता कामा नये. एक जरी गळाली तरी चाचणी मान्य नाही. आणि चाचणी नाही तर वर्ष गेलं.

"आता सात गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यानं, एकामागोमाग मला कोण देणार, मामा? भाड्यानं घ्यायची माझी ऐपत नाही. भावाचं लग्न एकदाच होतं."

दाजींना, म्हणजे तिच्या वडिलांना हे कळलं तेव्हा ते मंडपवाल्याशी भांडत होते. ते भांडण तसंच सोडून आले.

"माझ्या पोराचं लग्न हाय का तुझी परीक्षा?"

"दोन्ही, बाबा. पण लग्नात कुणी नापास होत नाही."

यावर दाजींनी माझ्या बहिणीकडे एकदा बघितलं, आणि परत मंडपवाल्याकडे गेले. भाचीनं तो होकार धरला.

लग्नाच्या दिवशी सकाळी सात पेट्या अंगणात मांडल्या होत्या. जेवणाच्या डब्याएवढी पेटी, वर तळहाताएवढा पडदा, बाजूला एक लाल बटण, आणि गाडीच्या टपावर चिकटवायची एक छोटी काडी. वायर ड्रायव्हरच्या शेजारी, मोबाईल चार्ज करतात त्या भोकात खुपसायची. खड्डा, ब्रेक, वळण हे पेटीला आपोआप कळे. रस्त्यावर बाकी काही आडवं आलं तर माणसानं बटण दाबायचं, आणि माणसानं दाबलं की पेटी विचार न करता सांगणार. आणि मागच्या गाड्यांना खबर मिळायची ती भाचीच्या स्वतःच्या आवाजात. घरात बसून, पंखा बंद करून, तिनं ती वाक्यं भरली होती. "पुढं खड्डा आहे, जरा हळू." "पुढं गाडी थांबली आहे, बरं का." त्या "बरं का"मध्ये आमच्या घराण्याची सगळी माया उतरली होती.

नवीन यंत्र दारात आल्यावर आमच्या बायका त्याला तसंच कसं सोडतील? पाच सवाष्णी आल्या, प्रत्येक पेटीला हळदकुंकू लावलं, ओवाळलं, एका पेटीच्या स्पीकरच्या जाळीत हळद गेली आणि ती लातूरपर्यंत सर्दी झाल्यासारखी बोलली. आत्या तेवढी लांब उभी होती, नारळांची टोपली कडेवर घेऊन. तिला कुणी नको म्हटलं नव्हतं. कुणी ये असंही म्हटलं नव्हतं.

आत्या म्हणजे दाजींची थोरली बहीण. हिमायतनगरजवळच्या खेड्यात राहते, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, शेती ती स्वतः बघते. भाची लहानपणी तिच्याकडे शाळेला होती. हिला सायकल शिकवली आत्यानं, झाडावरून पाडली आत्यानं आणि वर चढवलीही आत्यानंच. आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. ती मला मास्तर म्हणते, आणि असं म्हणते की ऐकणाऱ्याला वाटावं माझी नोकरी गेलीय.

गाड्यांचा क्रम भाचीनं लावला. अक्काची जीप सगळ्यात हळू चाले, कारण तिचा ड्रायव्हर ती बैलगाडीच्या चालीनं हाकायचा. सगळ्यात हळू गाडी पुढं असली की ताफा तुटत नाही. म्हणून ती पहिली. पण माझी बहीण हे कारण नणंदेला सांगेल होय? ती म्हणाली, "वन्सं, मानाची गाडी तुमची. तुम्ही पुढं." अक्कानं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती पुढच्या सीटवर अशी बसली की जीपची उंची वाढली. मला मागं बसवलं. बहिणीचं मत असं, की अक्काच्या तोंडाला घरात एकटा मीच पुरतो.

निघालो. अक्कानं पेटी मांडीवर घेतली होती, लेकरू घेतल्यासारखी.

"मास्तर, ही बोलणार ना?"

"बोलणार की."

"माझ्या पोरीच्या आवाजात?"

"हुबेहूब."

शहर सुटलं. एक खड्डा आला, जीप आदळली, अक्काची टोपली माझ्या गुडघ्यावर आली. पेटी गप्प. ट्रॅक्टर आडवा आला, ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. पेटी गप्प. अक्का पडद्याकडे वाकून बघे, कान लावे, परत सरळ बसे. एकदा तिनं पेटीवर हलकेच टिचकी मारली, झोपलेल्या माणसाला उठवावं तशी.

"लाजून राहिली असंल," ती म्हणाली.

लोह्याला चहासाठी थांबलो. वऱ्हाड चहाला थांबणं म्हणजे काय असतं ते वेगळं सांगायला नको. दहा माणसं कपाला भिडतात आणि बाकीची दहांच्या चुका काढतात. त्या दिवशी मात्र विषय एकच होता.

"आमच्या गाडीत पोरगी बोलली बाई! 'पुढं खड्डा आहे, जरा हळू.' लई गोड!"

"आमच्यात तीनदा बोलली."

"आमच्यात तर 'बरं का' म्हणली. मी म्हणलं, हाव गं माय, बरं!"

माझी एक चुलतबहीण अक्काकडे वळली. "तुमच्यात काय म्हणली वो अक्का? तुमची तर मानाची गाडी."

अक्कानं चहा बशीत ओतला. "आमच्यात लई बोलली," ती म्हणाली. "सांगत बसले तर चहा थंड होईल."

मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि माझा विनोद तोंडातच राहिला. इथं बाहेरच्या माणसाला एक गोष्ट कळायला हवी. आमच्याकडे लग्नाची छापील पत्रिका घरात येऊन पडली तरी ते निमंत्रण होत नाही. कुणीतरी दारात यावं लागतं, हातावर अक्षता ठेवाव्या लागतात आणि तोंडानं म्हणावं लागतं, "यायचं बरं का." तारीख, वार, मांडव, सगळं ठाऊक असलेला माणूस, तोंडानं सांगितलं नाही म्हणून लग्नाला जात नाही आणि आयुष्यभर ते सांगत राहतो. सांगणं म्हणजे आमच्याकडे खबर देणं नव्हेच. सांगणं म्हणजे, तू आमच्यात आहेस. आणि सहा गाड्यांना सांगितलं होतं. अक्काला सांगितलं नव्हतं.

लोह्यातून जीप निघाली तशी अक्कानं शांतपणे वायर ओढून काढली, पेटीभोवती तीन वेढे दिले, टॉवेलात गुंडाळली आणि नारळांच्या टोपलीत तळाशी ठेवली.

"अक्का!" मी जवळजवळ उभाच राहिलो. "अहो, पोरीची परीक्षा आहे. एक पेटी गळाली की वर्ष गेलं तिचं!"

"मुकी पेटी गळाली काय आन् ऱ्हायली काय. बोलणाऱ्या सहा हायत की."

ती बाहेर बघत होती. मी माझी सगळी कला पणाला लावली. आधी शास्त्र सांगितलं, ते मलाच नीट येत नसल्यामुळे मध्येच संपलं. मग भावना. मग, सांगायला हरकत नाही, मी मागच्या सीटवरून खाली वाकलो, टोपलीजवळ तोंड नेलं आणि आवाज बारीक करून म्हणालो, "आत्या, पुढं वळण आहे, बरं का."

ड्रायव्हरचे खांदे हलत होते.

"मास्तर," अक्का मागं न बघता म्हणाली, "तुमच्या आवाजाला मिशा हायत."

माळाकोळी मागं पडली. पुढं उंचसखल माळ, मोबाईलवर एकही रेघ नाही. मी भाचीला फोन लावायचा प्रयत्न करत होतो तेवढ्यात रस्त्याचं काम लागलं. अर्धा रस्ता खोदलेला, आणि एका आडव्या वळणानंतर, पाटी नाही, बावटा नाही, मध्येच खडीचा पसरट ढीग. जीप त्यावर चढली, धाडकन उतरली आणि माझं डोकं टपाला लागलं. ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली आणि चाकं बघायला उतरला.

आणि मग मागून धुरळा उडवत भाचीची गाडी आली. ती खरं म्हणजे चौथी होती. नवरदेवालासुद्धा मागं टाकून आली होती. ढिगाच्या अलीकडे करकचून थांबली. करवलीची जरीची साडी, केसांत गजरा, पायात खेळायचे बूट. पोरगी खडी तुडवत धावत आली.

"आत्या! लागलं का तुला? मामा, काय झालं? कुणाला लागलं?"

"काई न्हाई झालं," अक्का म्हणाली.

"मग तू दिसेनाशी कशी झालीस?"

"मी हितंच हाय."

"माझ्या पडद्यावर नाहीस! सात ठिपके होते, त्यातला सगळ्यात पुढचा, तुझा, एकदम गेला. फोन लागेना. मला वाटलं गाडी..." तिनं अक्काचे दोन्ही दंड धरून तिला खालपासून वरपर्यंत बघितलं, जसं पडलेल्या लेकराला बघतात.

मग तिची नजर धक्क्यानं टोपलीबाहेर आलेल्या वायरीच्या टोकावर गेली.

"तू काढलीस?"

अक्का टोपलीतले नारळ सारखे करायला लागली. आणि मी, ज्याला एरवी गप्प बसवायला माईक बंद करावा लागतो, तो ड्रायव्हरबरोबर चाकं बघायला वाकलो.

"सकाळपासून वाट पाहून राहिले मी," अक्का शेवटी म्हणाली. "सगळ्यांशी बोलून राहिली तू. खड्डा हाय म्हणून, हळू म्हणून. माझ्याशीच तेवढं न्हाई. कामून? काय केलं म्या?"

मागं एकेक गाडी येऊन थांबत होती. नवरदेव खिडकीतून फेट्यासकट डोकं बाहेर काढून बघत होता. भाची खडीच्या ढिगावर, त्या जरीच्या साडीनिशी, खालीच बसली. तिचं वर्ष त्या टोपलीच्या तळाशी टॉवेलात गुंडाळलेलं होतं, आणि ती आत्याकडे बघत होती.

"आत्या, तुला कुणी काही सांगत नाही, कारण तुझ्या पुढं कुणी नाहीच. लोह्याच्या अलीकडचा खड्डा आठवतो? पहिल्यांदा कुणाची जीप आदळली?"

"माझीच. कंबर गेली."

"तेव्हा तुझी पेटी बोलली. मागच्या सहाही गाड्यांत जे ऐकू आलं ना, ते तू सांगितलेलं होतं. आवाज माझा, पण सांगत होतीस तू. सकाळपासून सगळ्या वऱ्हाडाला तूच सांगतेयस."

अक्कानं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मास्तर, पोरगी खरं सांगून राहिली का समजूत काढून राहिली?"

माझी मघाची कामगिरी ताजी असल्यामुळे मी साक्षीदार म्हणून बाद होतो. तेव्हा भाचीनं टोपलीतून पेटी काढली, वायर परत लावली आणि ड्रायव्हरला सांगितलं, "काका, गाडी मागं घ्या आणि त्या ढिगावरून परत एकदा न्या. आत्या, तू इथं माझ्याजवळ उभी राहा."

जीप मागं गेली, ढिगावर चढली, धाडकन उतरली. आणि त्या ओसाड माळावर, एका रांगेत उभ्या असलेल्या सहा गाड्यांतून, एकदम, एका सुरात आवाज आला, "पुढं रस्ता खराब आहे, जरा हळू, बरं का." त्यातली एक सर्दी झालेली.

अक्कानं पदर तोंडाला लावला.

मग म्हणाली, "आणखी एकदा."

"अक्के, मुहूर्त!" दाजी तिसऱ्या गाडीतून ओरडले.

"थांब रे तू." ती ड्रायव्हरला म्हणाली, "ने बाबा परत."

जीप परत ढिगावरून गेली. सहाही गाड्या गप्प.

"आता गं?"

"आता सगळ्यांना कळलंय ना, आत्या. एकदा सांगितलं की परत सांगायचं नाही."

अक्कानं मागच्या गाड्यांमधल्या आपल्या भावकीवरून एक नजर फिरवली. "एकदा सांगून ऐकतात व्हय?" ती म्हणाली. "पेट्याच बऱ्या."

इथं एखाद्या शहाण्या माणसानं ही हकिकत संपवली असती. पण आम्हाला अजून लातूर गाठायचं होतं, आणि अक्काला आता लाल बटण सापडलं होतं.

शेळ्या आल्या, तिनं बटण दाबलं, परत परत दाबलं. कडेला ऊस भरलेली गाडी उभी, बटण. एक म्हातारा सायकल हातात धरून रस्ता ओलांडायचा विचार करत होता, अजून ओलांडत नव्हता, बटण. एका फाट्यावर चिंचेचं मोठं झाड आलं, तिथं तिनं दोनदा दाबलं. मागचं वऱ्हाड प्रत्येक वेळी "पुढं अडथळा आहे, बरं का" ऐकून ब्रेक लावत होतं. अहमदपूरला पोचेपर्यंत आमच्या सात गाड्यांची मिरवणूक झाली होती, फक्त बँड नव्हता. तिथं दाजी गाडीतून उतरून धावत आले.

"अक्के, काय हाय काय पुढं? सगळा रस्ताभर अडथळे!"

"शेळ्या व्हत्या."

"अन् त्याच्यानंतर?"

"चिंचेचं झाड. लई जुनं हाय."

"झाड रस्त्यात व्हतं का?"

"कडंला व्हतं. पण दिसावं न्हाई का लोकायला?"

दाजींनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले. "बरं, शेळ्या कळल्या. त्याच शेळ्यांसाठी पाचदा कामून दाबलं?"

अक्का आता खरोखर बुचकळ्यात पडली होती. "मग मला कसं कळावं तुम्हाला पोचलं का न्हाई? माणसाला सांगितलं तर तो हाव म्हणतो. तुम्ही कुणी हाव म्हणलं न्हाई. मला वाटलं, ऐकलं न्हाई. म्हणून परत दाबलं."

भाची तिथंच उभी होती. तिचा चेहरा मी बघितला. गणित सुटल्यावर वर्गातल्या एखाद्या मुलीचा होतो तसा. तिनं माझ्या खिशातलं पेन घेतलं आणि हातावरच्या मेंदीच्या नक्षीत जिथं कोरी जागा होती तिथं काहीतरी खरडलं. नंतर लग्नात वरपक्षाच्या करवलीच्या हातावर निळ्या शाईत हे काय लिहिलंय म्हणून मुलीकडच्या बायकांनी बरेच तर्क केले. बहुतेकांना ते कुणा मुलाचं नाव वाटलं. तिथं एकच शब्द होता: हाव.

लातूरला उशिरा पोचलो, पण मुलीकडचे आमच्याहून निवांत निघाले. लग्न लागलं, जेवणं झाली, अक्कानं पंगतीत प्रत्येक व्याह्याला पेटीची गोष्ट सांगितली. पंगत संपेपर्यंत त्या गोष्टीत खडीचा ढीग टेकडीएवढा झाला होता. मी आडवा आलो नाही. एका कलावंतानं दुसऱ्याच्या धंद्यात बोलू नये.

कॉलेजात मात्र ढीग आहे तेवढाच होता. सरांनी सगळी नोंद पडद्यावर बघितली आणि लोह्याच्या पुढच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"हा खंड कशाचा?"

"आत्या रुसली होती, सर."

सर आमच्याच भागातले. रुसवा त्यांना समजावून सांगावा लागला नाही. पण अट ती अट. त्यांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली: सात गाड्या, पूर्ण रस्ता, परत. भाची घरी येऊन गच्चीवर बसली. आता तिथं कुरडयाही नव्हत्या. "दुसरा भाऊ कुठून आणू?" ती म्हणाली, आणि हसायचा प्रयत्न केला, पण तिला ते जमलं नाही.

तरी पेटीवरचं काम तिनं थांबवलं नाही. मेंदी कधीच उडाली होती, शब्द डोक्यात होता. मला तिनं ते नंतर सांगितलं. पहिल्या गाडीनं खबर दिली की पोचल्याचा निरोप परत यायला हवा. पण सहा गाड्यांनी सहा वेळा हाव म्हटलं तर हवेत पुन्हा पालकसभा. म्हणून हाव म्हणायला सुरुवात शेवटच्या गाडीनं करायची. तिच्या पुढच्या गाडीनं त्यात आपला हाव मिसळायचा, पुढं द्यायचा, आणि असा गोळा होत होत पहिल्या गाडीला सगळ्यांचा मिळून एकच मिळायचा. मिळाला की पहिलीनं गप्प बसायचं. नाही मिळाला तरच परत सांगायचं. खबर पोचली हे कशावरून, हा प्रश्न सर म्हणे तिला पहिल्यापासून विचारत होते, आणि ती म्हणत होती, एवढ्याशा निरोपानं हवा कशाला अडवायची.

दसरा झाला आणि अक्काचा फोन आला. तो मीच घेतला.

"मास्तर, पोरीला सांगा, सात पेट्या घेऊन नांदेडला उभं ऱ्हा म्हणावं. आमच्या भावकीचं सोयाबीन लातूरला चाललंय. सात टेम्पो."

"लातूरला? धर्माबादचा बाजार जवळ पडला असता की, अक्का."

"जवळ पडतं म्हणून पोरीचा रस्ता व्हईल का तो?"

मागाहून कळलं, ती घरोघर गेली होती. फोन नाही, निरोप नाही. स्वतः प्रत्येकाच्या ओट्यावर बसून, चहा पिऊन, तोंडानं सांगून आली होती: यंदा सगळे मिळून लातूरच्या मोंढ्यात विकू, भाव बरा हाय, आणि माझ्या पोरीचं काम हाय. एकानंही नाही म्हटलं नाही. नाही म्हणायची सोयच तिनं ठेवली नसणार.

दिवाळीची सुट्टी होती, मी गेलो. पहिल्या टेम्पोत ड्रायव्हर आणि अक्का यांच्या मध्ये, सोयाबीनच्या धुळीत शिंकत बसलो. निघायच्या आधी अक्कानं पिशवीतून हळदकुंकवाची कोयरी काढली. एका एका टेम्पोपाशी गेली आणि सातही पेट्यांना स्वतःच्या हातानं बोट लावलं. कुणाला विचारलं नाही, कुणाकडे बघितलंही नाही. फक्त स्पीकरची जाळी तेवढी जपली.

लोह्याच्या अलीकडे तोच खड्डा होता. आमच्या रस्त्यांचं एक बरं असतं, ओळखीच्या खुणा बदलत नाहीत. टेम्पो आदळला. अक्का पेटीकडे वळली आणि तिनं हात मांडीवर घट्ट धरून ठेवले, बटणाकडे जाऊ नयेत म्हणून. पेटी गप्प. अजून गप्प. आणि मग, भाचीच्या आवाजात, अगदी कानाशी बोलावं तसं:

"पोचलं, आत्या. सगळ्यांना पोचलं, बरं का."

"हाव," अक्का म्हणाली. आणि थोड्या वेळानं, पेटीला नाही, रस्त्याला म्हणाली, "पोचल्यावर सांगायचं असतं, माय."

त्या दिवशी तिनं लाल बटण लातूरपर्यंत दोनदाच दाबलं. चिंचेच्या झाडापाशी तिचा हात गेला होता, मी बघितलं; मागं घेतला.

मोंढ्यात टेम्पो रांगेत लागले. पोत्यांवर बसून भाचीनं लॅपटॉप उघडला, सातही रेघा नांदेडपासून लातूरपर्यंत सलग होत्या, कुठंही खंड नव्हता. तिनं लॅपटॉप माझ्याकडे फिरवला आणि दोन्ही हातांनी डोळे झाकून बसली. मी मात्र मोंढ्याच्या मध्यभागी माझ्या माईकच्या आवाजात तिचं अभिनंदन जाहीर केलं, त्यामुळे दोन अडते आणि एक गाय दचकली.

पलीकडे अक्का अडत्याशी सोयाबीनच्या ओलाव्यावरून भांडत होती. भाची पेट्या उतरवायला निघाली तशी ती तिथूनच ओरडली.

"माझी राहू दे गं! जाताना बी मीच पुढं हाय."

"आत्या, चाचणी झाली. आता गाड्या रिकाम्या जाणार."

"रिकाम्या गाड्यायला खड्डे लागत न्हाईत व्हय?" अक्का म्हणाली, आणि परत अडत्याकडे वळली.